वादळाचा माग

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या नैर्ऋत्येस, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत केडगाव वसलेले आहे. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे हे नाव पंचक्रोशीबाहेरही परिचित आहे. आता ते महापालिकेच्या हद्दीत मोडते आणि जुन्या शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तथापि जेथे काळे रान शिल्लक आहे तेथे चैत्र-वैशाखातील दुपारचे एक दृश्य बदललेले नाही. शाळूची कापणी झालेली असते, ढेकळे तापलेली असतात, वारा पडलेला असतो. आणि एकाएकी बांधाच्या कडेला धुळीचा एक बारीक खांब उभा राहतो, पाचोळा गरगर फिरवीत वर नेतो आणि तिरकस चालीने रान ओलांडू लागतो. ही वावटळ. ती दिसताच पोरे तिच्यामागे धावतात. तिच्या पोटात शिरून डोळे मिटून उभे राहण्यात मोठा पराक्रम मानला जातो. वडीलधारी माणसे ओरडतात, "आरं, भूत असतंय तिच्यात!" ह्या ओरडण्याने पोरांचा उत्साह कमी होण्याऐवजी वाढतो, हे सांगावयास नकोच.

वाऱ्याच्या भोवऱ्यामागे धावण्याचा हा छंद काही माणसांना प्रौढपणीही सुटत नाही. अमेरिकेच्या मध्य भागातील विस्तीर्ण मैदानांत, विशेषतः एप्रिल ते जून ह्या महिन्यांत, टॉरनॅडो नामक भीषण भोवऱ्याच्या शोधात शेकडो माणसे मोटारी घेऊन हिंडत असतात. त्यांच्या ह्या व्यवसायाला, किंवा व्यसनाला म्हणा, तेथे वादळाचा पाठलाग असे नाव आहे. हा पाठलाग कसा चालतो, त्यात आनंद कोणता, धोका कोणता, आणि तो करणाऱ्यांनी स्वतःवर कोणती बंधने घालून घेतली आहेत, ह्यांचा विचार येथे करावयाचा आहे. भाषाभ्यासाच्या पत्रिकेत हा विषय प्रथमदर्शनी अस्थानी वाटेल. परंतु हा सारा व्यवहार मुळात खुणा ओळखण्याचा आणि त्यांना नेमके अर्थ लावण्याचा आहे. आणि मराठीत ह्या बाबतीत नावांचा जो घोळ आहे, तो केवळ कोशकारांच्या चिंतेचा विषय नाही.

मराठीत जोरकस वाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. वावटळ (बोलीत वावटूळ), वादळ, तुफान, झंझावात, चक्रीवादळ हे सर्व शब्द सामान्य वाचकास ठाऊक असतात. 'वावटळ' ह्या शब्दाचा पहिला अंश संस्कृत 'वात' ह्याचा वंशज आहे हे उघड दिसते. 'वादळ' ह्याची कथा अधिक मनोरंजक आहे. हिंदीतील 'बादल' आणि गुजरातीतील 'वादळ' ह्यांचा अर्थ नुसता ढग. मराठीने त्याच घराण्यातील शब्द घेऊन त्याचा अर्थ ढगावरून ढगासोबत येणाऱ्या वाऱ्यावर सरकविला. ढग दिसताच पुढचे ओळखणाऱ्या माणसाचे अनुमान त्या एका शब्दात गोठून राहिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. 'तुफान' अरबी, फारसीच्या वाटेने आलेला. 'चक्रीवादळ' हा मात्र अर्वाचीन व शास्त्राच्या गरजेपोटी रूढ झालेला शब्द आहे. तो ज्या 'सायक्लोन' शब्दासाठी वापरला जातो, तो शब्दही घडविलेलाच. कलकत्त्यात राहून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन ह्याने सर्पाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून १८४८ च्या सुमारास तो प्रचारात आणला. 'टॉरनॅडो' ह्याचे मूळ स्पॅनिश. गडगडाटी वादळ ह्या अर्थाचा 'त्रोनादा' हा शब्द आणि वळणे ह्या अर्थाचा 'तोर्नार' हा धातू ह्यांची खलाशांच्या तोंडी सरमिसळ होऊन तो बनला.

अडचण अशी की मराठी वृत्तपत्रे टॉरनॅडोसाठीही सर्रास 'चक्रीवादळ' हाच शब्द वापरतात. वस्तुतः ह्या दोहोंत जो फरक आहे तो लहानमोठेपणाचा नाही, जातीचा आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेले 'निसर्ग' हे चक्रीवादळ होते. त्याचा घेर शेकडो किलोमीटरांचा. ते समुद्रावर जन्मले, उपग्रहांनी ते पाहिले, आणि ते येण्यापूर्वी किनाऱ्यावरील लोकांना हलविण्यास अवधी मिळाला. टॉरनॅडो जमिनीवर, एकाच मेघाच्या पोटी जन्मतो. त्याचा घेर बहुधा काही शे मीटरांचा. आणि त्याची सूचना मिळालीच तर मिनिटांच्या हिशेबाने मिळते. शब्दाची अशीच पण उलट दिशेने ओढाताण फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात झाली. मुळा-मुठेच्या काठी डासांचे थवे खांबासारखे उंच उडताना दिसले आणि त्यांना 'डासांचा टॉरनॅडो' म्हटले गेले. त्यात वाऱ्याच्या भोवऱ्याचा काडीमात्र संबंध नव्हता.

आता वावटळ आणि टॉरनॅडो ह्यांतील भेद. वावटळीला ढग लागत नाही. निरभ्र आकाश, तापलेली उघडी जमीन आणि मंद वारा एवढे तिला पुरते. जमिनीलगतची हवा तापून हलकी होते व उसळून वर जाते; तिची जागा घेण्यास बाजूची हवा आत धावते. त्या हवेत जे अल्पसे वळण असते ते आत येता येता वाढते. फुगडी घालणाऱ्या मुली एकमेकींजवळ सरकल्या की गिरकीचा वेग जसा वाढतो, तसाच हा प्रकार. वावटळ खालून वर जाते, काही मिनिटांत विरते, आणि उजवीकडे फिरावे की डावीकडे ह्याविषयी तिचा काही आग्रह नसतो. डोळ्यांत माती जाणे, क्वचित एखादा सुटा पत्रा उडणे, ह्यापलीकडे तिच्याकडून सहसा उपद्रव होत नाही.

टॉरनॅडो मेघाला लोंबकळून असतो. जमिनीलगत उबदार व दमट वारा, त्यावर कोरडा वारा, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग ह्यांत मोठा पालट अशी स्थिती असली की हवेत आडवे रूळ फिरू लागतात. पोळपाटावरील लाटणे तळहाताखाली जसे फिरते, तशी ही गती असते. मेघात वर चढणारा जोरदार प्रवाह त्या आडव्या रुळाला उभा करतो आणि मेघाचा मधला भाग, कित्येक किलोमीटर रुंदीचा, सावकाश फिरू लागतो. अशा फिरत्या मेघाला सुपरसेल म्हणतात. त्याच्या तळाशी ही गिरकी आवळत जमिनीपर्यंत पोहोचली म्हणजे टॉरनॅडो झाला. बहुतेक सुपरसेलांच्या पोटी टॉरनॅडो जन्मत नाही. काहींच्याच पोटी तो का जन्मतो, ह्याचा पूर्ण उलगडा शास्त्राला अद्यापि झालेला नाही. आणि पाठलागाचे शास्त्रीय प्रयोजन नेमके येथे आहे. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमा राज्यात रडारने मोजलेला टॉरनॅडोतील वारा ताशी ४८० किलोमीटरांच्याही वर होता. त्यापुढे टिकेल असे मापनयंत्र उभारणे अवघड, आणि ते योग्य जागी योग्य क्षणी नेऊन ठेवणे त्याहून अवघड.

हे संकट आपल्या देशाला परके नाही. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात, अवघ्या काही मिनिटांच्या टॉरनॅडोने २८ माणसांचा बळी घेतला. बंगालमध्ये कालबैशाखीच्या मेघांतून असे भोवरे अधूनमधून उतरतात. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे मेली. महाराष्ट्राच्या पठारावर आवश्यक ते सर्व घटक एकत्र येण्याचा योग फार क्वचित. येथे वळीव येतो, गारा येतात, विजा येतात; त्यांविषयी पुढे येईलच.

वादळामागे हेतुपुरस्सर धावणारी पहिली माणसे शास्त्रज्ञ नव्हती. १९५० च्या दशकात रॉजर जेन्सन व डेव्हिड होडली हे दोघे, एकमेकांस न ओळखता, केवळ ओढीपायी अमेरिकेच्या उत्तर मैदानांत वादळांचा माग काढू लागले. होडलीचा आरंभ १९५६ चा, नॉर्थ डाकोटातील बिस्मार्क गावी झालेल्या एका वादळाने त्याला जी भूल घातली तेव्हापासूनचा. पुढे १९७७ मध्ये त्याने 'स्टॉर्म ट्रॅक' नावाचे वार्तापत्र सुरू केले आणि विखुरलेल्या नादिष्टांचा एक समाज बनला. शास्त्राच्या बाजूने पहिले पाऊल नील वॉर्ड ह्याने टाकले. १९६१ मध्ये ओक्लाहोमात रस्त्यावरील पोलिसांच्या गाडीतून हिंडत, वेधशाळेतील रडारवर काय दिसते ह्याची विचारपूस करीत त्याने टॉरनॅडो गाठला. नंतर ह्याच वॉर्डने प्रयोगशाळेत भोवरा निर्माण करणारी पेटी बांधली, हे त्या धावपळीचे फलित मानावयास पाहिजे.

पण पाठलागाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २४ मे १९७३ रोजी. ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे संशोधकांच्या पथकाने एका टॉरनॅडोचे जन्मापासून अंतापर्यंत चित्रण केले. त्याच वेळी नॉर्मन येथील डॉप्लर रडारने त्याच मेघाची नोंद घेतली. नंतर दोन्ही नोंदी जुळवून पाहता असे दिसले की रडारच्या नोंदीत एक विशिष्ट खूण टॉरनॅडो भूमीस टेकण्यापूर्वीच उमटू लागली होती. भाषाशास्त्रज्ञास ह्या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. चिन्ह होते, परंतु त्याचा अर्थ ठरलेला नव्हता. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार त्याच क्षणी त्याच ठिकाणी हजर होता म्हणून तो ठरला. पुढे देशभर उभारलेल्या डॉप्लर रडारांच्या आधारे ज्या धोक्याच्या सूचना दिल्या जाऊ लागल्या, त्यांचा शब्दकोश असा रस्त्यावर उभे राहिलेल्या माणसांनी लिहिला आहे.

आणि साक्षीदाराची गरज आजही संपलेली नाही. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो, पृथ्वी मात्र वाकलेली आहे. त्यामुळे सर्वांत खालच्या कोनातला किरणही शंभर किलोमीटर दूर गेल्यावर जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. त्याखाली काय चालले आहे हे माणसानेच सांगावे लागते.

पाठलागाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्यास अत्यंत कंटाळवाणा वाटेल. सकाळी हवामानाचे नकाशे पाहावयाचे, उबदार ओलसर हवा मेक्सिकोच्या आखातावरून कोठवर चढली, पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा तिला कोठे भेटणार, ह्याचा अंदाज बांधावयाचा, आणि नकाशावरील एखाद्या ठिकाणाकडे शेकडो किलोमीटर मोटार हाकावयाची. तेथे पोहोचल्यावर बहुधा निळे आकाश असते. एखाद्या पेट्रोल पंपाशेजारी तासन्‌तास वाट पाहावयाची. कित्येकदा सूर्य मावळतो आणि ढगाचा मागमूसही नसतो. तितकीच वाट तुडवीत परत फिरावे लागते. ज्याला असे रिकामे दिवस सोसत नाहीत त्याला हा नाद लागत नाही. मात्र ज्या दिवशी अंदाज खरा ठरतो, त्या दिवशी तासाभरात फुलकोबीच्या गड्ड्यासारखा शुभ्र मेघ पंधरा किलोमीटर उंच चढतो, माथ्यावर ऐरणीसारखा पसरतो आणि त्याखाली दिवसाची संध्याकाळ होते. मग सगळा वारा पाठीमागून त्या मेघाकडे ओढला जाऊ लागतो, गवत त्याच्याकडे झुकते, आणि मेघाचा तळ फिरतो आहे हे नुसत्या डोळ्यांना कळते. भीती आणि सौंदर्य ह्यांची ही गाठ हे पाठलागाचे एक आकर्षण होय. दुसरे त्याहून सूक्ष्म: सकाळी कागदावर मांडलेले अनुमान संध्याकाळी आकाशात उभे राहिलेले पाहण्याचा आनंद. ज्याने कधी वळवाच्या दिवशी पश्चिमेकडे पाहून "आज चार वाजता येणार" असे म्हटले आणि खरोखर चारला टपोरे थेंब पडले, त्याला हा आनंद अपरिचित नाही.

येथे 'पाठलाग' ह्या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत पाठलाग चोराचा होतो, शत्रूचा होतो. त्यात मागून धावणे आले आणि पकडण्याचा हेतू आला. वादळाच्या मागून धावणारा मनुष्य मात्र काहीच पाहू शकत नाही, आणि सापडतो तो स्वतः. त्या मैदानांतील सुपरसेल बहुधा ईशान्येकडे सरकतो. पाऊस व गारा त्याच्या पुढच्या, उत्तरेकडील भागात पडतात. टॉरनॅडो असतो तो मागच्या, नैर्ऋत्येकडील कोपऱ्यात. म्हणून जाणता मनुष्य वादळाच्या आग्नेयेस, बाजूला, काही किलोमीटर अंतर राखून उभा राहतो. वारा पाठीवर, दृष्टी वायव्येकडे, आणि पूर्वेस वा दक्षिणेस निसटून जाण्याचा एक मोकळा रस्ता. ह्या क्रियेला मराठीत 'माग काढणे' हा जुना शब्दप्रयोग अधिक शोभतो. माग काढणारा पावलांचे ठसे वाचतो, अंतर राखतो, आणि जनावराच्या तोंडासमोर जात नाही.

ह्या मंडळींची स्वतःची एक बोली आहे. मेघाच्या तळातून खाली उतरलेल्या फिरत्या भागाला ते 'भिंत-ढग' म्हणतात. पावसा-गारांच्या पडद्यातून गाडी घालून पलीकडे जाण्याला 'गाभा फोडणे' आणि तो पडदा ओलांडल्यावर ज्या कोंडीत मनुष्य सापडतो तिला 'अस्वलाचा पिंजरा' अशी नावे आहेत. तिन्ही बाजूंस पाऊस व गारा आणि आत टॉरनॅडो, अशी ती जागा. टॉरनॅडो पावसात लपेटला गेला असेल तर तो अंगावर येईपर्यंत दिसत नाही. सर्व धंद्यांच्या बोलींप्रमाणे ह्या बोलीतही काही शब्द केवळ मिरविण्यासाठी आहेत, परंतु 'अस्वलाचा पिंजरा' हा तसा नाही. तो उच्चारताच ऐकणाऱ्याला काय करू नये हे कळते.

धोक्यांचा विचार करताना सामान्य मनुष्य टॉरनॅडोला पहिले स्थान देईल. ह्या विषयातील अधिकारी संशोधक चार्ल्स डॉसवेल ह्याने मात्र आपल्या सुप्रसिद्ध सूचनांत क्रम उलटा लावला आहे: पहिला धोका रस्त्याचा, दुसरा विजेचा, आणि वादळाचा तिसरा. अनुभव त्याच्या बाजूने आहे. थकलेला चालक, ओले रस्ते, एक डोळा आकाशाकडे आणि एक पडद्यावर, संध्याकाळनंतरचा लांबचा परतीचा प्रवास, ह्यांनी घेतलेले बळी टॉरनॅडोने घेतलेल्या बळींपेक्षा अधिक आहेत. मार्च २०१७ मध्ये टेक्सासमध्ये चौकात दोन गाड्यांची टक्कर होऊन तीन पाठलागकर्ते मेले. एप्रिल २०२२ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी पाठलागाहून परतताना, ओल्या रस्त्यावर गाडी घसरून झालेल्या अपघातात दगावले. तेव्हा वादळ त्यांच्याजवळ नव्हते.

तथापि वादळ तिसऱ्या स्थानी आहे म्हणून ते क्षमाशील आहे असे नव्हे. टिम समारस हा अभियंता आपल्या सावधपणासाठी नावाजलेला होता. जमिनीस चिकटून राहणारी, शंकूच्या आकाराची बसकी मापनयंत्रे त्याने बनविली होती. २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातील मँचेस्टर येथे त्यांपैकी एका यंत्रावरून टॉरनॅडो गेला आणि हवेचा दाब क्षणार्धात १०० मिलिबारांनी उतरल्याची नोंद झाली. कळसूबाईचा पायथा सोडून माथा गाठेपर्यंत दाब साधारण जितका उतरतो, जवळजवळ तितका तो एका श्वासाच्या अवधीत उतरला. हाच समारस, त्याचा पुत्र पॉल व सहकारी कार्ल यंग हे तिघे ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे टॉरनॅडोत सापडून मृत्यू पावले. त्या टॉरनॅडोचा घेर वाढत वाढत ४.२ किलोमीटर झाला होता. इतका रुंद टॉरनॅडो त्यापूर्वी नोंदला गेला नव्हता. आग्नेयेकडे चाललेला तो एकाएकी वळला, त्याचा वेग वाढला, आणि त्याच्या पोटात फिरणाऱ्या उपभोवऱ्यांपैकी एकाने त्यांची गाडी गाठली. त्या सायंकाळी त्या भागातील रस्ते वाहनांनी तुंबले होते. त्यांत पाठलागकर्ते होते आणि भयाने घर सोडून निघालेले सामान्य लोकही होते. टॉरनॅडोने संशोधक पाठलागकर्त्यांचा घेतलेला हा पहिला ज्ञात बळी. ह्या घटनेने त्या समाजाला जो धक्का बसला तो मृत्यूपेक्षा मृतांच्या लौकिकामुळे अधिक होता. उतावळ्याला वादळ गिळते, अशी जी समजूत सर्वांनी मनाशी जपली होती ती त्या दिवशी मोडली.

वर्तनाचे नियम ह्या साऱ्यांतून घडले आहेत.  तो एक शिष्टाचार आहे. रस्त्याच्या मध्यभागी गाडी उभी करू नये. थांबावयाचे तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला. रुग्णवाहिकेची वाट अडवू नये. कोणाच्या शेतात विचारल्यावाचून शिरू नये. पाहिलेली गोष्ट, आणि केवळ पाहिलेलीच, वेधशाळेस ताबडतोब कळवावी; ऐकीव किंवा फुगविलेली वार्ता ही न दिलेल्या वार्तेपेक्षा घातक असते, कारण दोनदा खोटी ठरलेली सूचना तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. गाव उद्ध्वस्त झाले असेल तर चित्रण थांबवून प्रथम मदतीस जावे. आणि ज्याचे घर गेले आहे त्याच्यासमोर आनंदाने आरोळ्या ठोकू नयेत. हा शेवटचा नियम लिहून ठेवावा लागला, ह्यातच पुष्कळसे आले. १९९६ मध्ये 'ट्विस्टर' हा चित्रपट आल्यानंतर हौशी लोकांची गर्दी वाढली. पैसे भरून वादळ पाहावयास नेणाऱ्या सहली निघाल्या. आणि आता प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनी त्याच क्षणी चित्र जगभर पाठवू शकतो. जो जितका जवळ जाईल तितके त्याला प्रेक्षक अधिक, असा नवा हिशेब त्यात शिरला आहे. होडलीच्या पिढीला रिकाम्या दिवसांनी जे धैर्य शिकविले ते ह्या हिशेबात बसत नाही.

नगर-पुणे भागातही वादळांजवळ जाणारी माणसे होऊन गेली, परंतु ती विमानाने गेली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ ह्या काळातील अकरा पावसाळ्यांत अहमदनगर-बारामती ह्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात कृत्रिम पर्जन्याचा प्रयोग केला. जुन्या धाटणीच्या डीसी-३ विमानातून ढगांत शिरून बारीक मीठ व संगजिरे ह्यांची पूड सोडली जाई. कोणत्या क्षेत्रावर सोडावयाची हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे आधी ठरविलेले असे, जेणेकरून फळ आले तर ते दैवाचे की प्रयोगाचे हे कळावे. प्रयोगाच्या दिवशी सरासरी २४ टक्के अधिक पाऊस पडल्याचा निष्कर्ष संशोधकांनी प्रसिद्ध केला. २००९ पासून त्याच संस्थेने अधिक सुसज्ज विमानांनी मेघांचे अंतरंग तपासण्याचे कार्य हाती घेतले, आणि २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर हे त्याचे केंद्र होते. ह्या उड्डाणांतही नियम एकच: ढगात कोठे शिरावयाचे हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोठे शिरावयाचे नाही हेही. उंच चढलेला, आतून विजा खेळणारा गडगडाटी मेघ टाळावयाचा असतो.

केडगावच्या रानातील मनुष्याला हा मेघ टाळण्याची सोय नसते. वळवाचा मेघ त्याच्या डोक्यावर येतो. त्याच्यापुढे धुळीची एक भिंत धावत येते, कारण मेघातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. हा वारा फिरता नसतो, सरळ असतो. पण कांदाचाळींचे छत आणि घरांवरील पत्रे उडवावयास तो पुरेसा आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारांनी ह्या जिल्ह्यासह महाराष्ट्राचा मोठा भाग झोडपला, ती आठवण शेतकऱ्यांच्या मनात अजून ताजी आहे. आणि वीज. मराठीत वीज 'पडते'. हे क्रियापद ऐकणाऱ्याच्या मनात दगड पडल्यासारखे चित्र उभे करते: जेथे पडली तेथे पडली, दहा हात पलीकडे भय नाही. वस्तुतः तो प्रवाह जमिनीत शिरून सभोवार पसरतो. झाडाखाली बांधलेली गुरे एकाच वेळी मरतात ती प्रत्येकावर वेगळी वीज पडली म्हणून नव्हे. पुढचे व मागचे पाय ह्यांमधील अंतरातून प्रवाह त्यांच्या अंगातून जातो म्हणून. पाऊस सुरू होण्यापूर्वी व थांबल्यानंतरही, मेघापासून दहा किलोमीटर अंतरावर ती येऊ शकते. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनाने भागावे, म्हणजे अंतर किलोमीटरांत कळते. तथापि गडगडाट ऐकू आला ह्याचाच अर्थ आपण तिच्या टप्प्यात आहोत. पक्के घर किंवा बंद मोटार हाच आसरा. झाड, गोठ्याचे छप्पर, उघडे रान हे आसरे नव्हेत.

टॉरनॅडोसाठी शास्त्रीय मराठीत 'घूर्णवाती वादळ' असा एक शब्द योजला गेला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु धोक्याची सूचना धावता धावता ओरडून द्यावयाची असते, आणि हा शब्द ओरडता येत नाही. त्यापेक्षा 'टॉरनॅडो' हा परका शब्द पत्करून 'चक्रीवादळ' समुद्रावरून येणाऱ्या वादळापुरते राखणे अधिक हिताचे. 'वावटळ' हा शब्द मात्र आजच्या वापरात दोन जागी ओढला जातो. निरभ्र दुपारी उठणारा धुळीचा खांब ही वावटळ, आणि वळवाच्या मेघापुढे धावणारी धुळीची भिंत हीही पुष्कळांच्या तोंडी वावटळच. पहिलीत पोराने शिरावे, डोळे मिटावेत, तोंडावर हात ठेवावा. फार तर केसांत माती घेऊन घरी यावे. दुसरी आली असता ज्या दिशेने ती येते तिकडे मान वर करून पाहिले, तर ऐरणीच्या आकाराचा काळा मेघ दिसतो, आणि तेव्हा घराच्या भिंती गाठावयास काही मिनिटेच उरलेली असतात. बांधावरून ओरडणारी म्हातारी दोन्ही वेळा भुताचेच नाव घेते.